तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो दिला, तरी ठिकाण कशाला?

पावसाळा तोंडावर आला की काळ्याभोर, पाठीवर पांढरे ठिपके असलेल्या एका मोठ्या भुंगेऱ्याचे फोटो मला येऊ लागतात. 'हा कोण? विषारी आहे का?' मी उलट विचारतो, कुठे दिसला? गाव कोणतं, तालुका कोणता, जमीन कशी? त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, फोटो इतका स्पष्ट आहे, मग ठिकाण कशाला हवं?

आधी विषाचं सांगतो. हा अँथिया सेक्सगुटाटा, चांगला चार सेंटिमीटर लांबीचा शिकारी भुंगेरा. तो आपणहून अंगावर येत नाही, पण डिवचला तर पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. ती डोळ्यात गेली तर भयंकर आग होते. त्यामुळे हातात घेऊ नका, फोटोसाठी तोंड अगदी जवळ नेऊ नका. उडालंच तर भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता ठिकाणाचं. फोटोत सगळ्यांच्या नजरेत भरतात ते ठिपके. दोन मानेमागच्या ढालीवर, चार पाठीवर, एकूण सहा. भिंगातून पाहिलं तर कळतं की तो रंग नाहीच, आखूड पांढऱ्या केसांचे दाट पुंजके आहेत. दगडांखाली, काट्याकुट्यांत वावरताना हे केस झिजतात. मग एखाद्याच्या अंगावर पाचच ठिपके उरतात, एखाद्याच्या चार. नुसते ठिपके मोजून जात ठरवायला गेलं की फसगत होते.

शिवाय ठिपकेवाला तो एकटा नाही. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात सात ठिपक्यांचं एक झुरळ आहे, थेरिया पेटिव्हेरियाना. ते बहुधा या भुंगेऱ्याचीच नक्कल करत असावं, असं अभ्यासक मानतात. 1758 मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या खुद्द लिनियसने ते भुंगेऱ्यांत घातलं होतं. फरक पाठीवर दिसतो. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात, भुंगेऱ्याची कवचं मधोमध सरळ रेषेत भिडतात. आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात याचा सख्खा भाऊ शोभेल असा अँथिया सेक्समॅक्युलाटा आहे. इंटरनेटवर या दोन भुंगेऱ्यांचे फोटो एकमेकांच्या नावावर सर्रास फिरतात. तिथे सगळ्यात आधी कामाला येतं ते ठिकाण.

जुन्या नोंदींची अडचण हीच आहे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये या जातीचं वर्णन केलं तेव्हा तिला कॅराबस या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवलं. त्या काळी जमिनीवर पळणारे असे बहुतेक भुंगेरे त्याच गोतावळ्यात जात. वेबर या कीटकशास्त्रज्ञाने 1801 मध्ये अँथिया हा वंश वेगळा केला, म्हणून आज जातीच्या नावापुढे फॅब्रिशियसचं नाव कंसात लिहितात. कंस म्हणजे वंश बदलल्याची खूण. वंश असा नंतर सुधारता येतो, पण ठिकाणाचं तसं नाही. अठराव्या शतकात परदेशी कीटकांच्या वर्णनात ठिकाण म्हणून बऱ्याचदा नुसतं 'इंडिया' लिहिलेलं असे. त्यावरून आज कोणता माळ, कोणतं खोरं शोधायचं? संग्रहातला कीटक कितीही उत्तम टिकलेला असो, चिठ्ठीवर गाव नसेल तर निम्मी माहिती गेलीच.

या जातीच्या बाबतीत तर ठिकाणाची माहिती फार मोलाची. अँथिया हा मुळात आफ्रिकेत पसरलेला वंश आहे. अरबस्तानातही त्याच्या जाती आहेत, आणि पूर्वेकडे भारतापर्यंत पोचलेल्या मोजक्या जातींपैकी ही एक. याला उडता येत नाही. जिथे जायचं तिथे चालत जायचं. म्हणून कोरडा माळ, काटेरी झुडपं, खडकाळ मुरमाड जमीन सलग असेल तिथवर याचा संसार. मधे कालवा आला, रुंद रस्ता आला, बारमाही ओलिताची शेती आली की पलीकडे जाणं अवघड. उडणारा कीटक वाऱ्याबरोबर कुठेही भरकटू शकतो. हा एखाद्या ठिकाणी दिसला, तर तो बहुतेक तिथलाच.

आणि आपण त्याच्या या जागेला 'पडीक' म्हणून मोकळे होतो. सरकारी कागदांतही माळरान कित्येकदा पडीक जमीन म्हणूनच लागतं. मग तिथे प्लॉट पडतात, नाहीतर चांगल्या हेतूने खड्डे खणून दाट झाडं लावली जातात. झाडं लावणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण माळावर जंगल उभं करणं म्हणजे माळ संपवणंच, हे मी स्पष्ट सांगतो. सासवडकडच्या एखाद्या उतारावर हा भुंगेरा आहे अशी तारखेची, ठिकाणाची नोंद हातात असेल, तर 'इथे काहीच नव्हतं' असं कुणाला म्हणता येत नाही.

तेव्हा पुढचा फोटो पाठवाल तेव्हा गाव, तालुका आणि तारीख लिहा. आजूबाजूला गवत आहे की बाभळी, जमीन मुरमाड की काळी, एवढंही लिहा. जमलं तर एक फोटो वरून सरळ काढा आणि एक बाजूने, पाय आणि जबडे दिसतील असा. मेलेला सापडला तर उलटा करून पोटाकडूनही काढा. मागच्या पायांचे खुबे पोटाचा पहिला पट्टा मधोमध दुभागतात, ती याच्या गटाची खूण तिथे दिसते. मेलेलाही नुसत्या हाताने उचलू नका, काडीने उलटवा.