सहा वार, अक्राहून

आज घानाची राजधानी अक्रा, तिथल्या माकोला बाजारात सहा वार वॅक्स प्रिंट घेतलं, म्हणजे राळेने नक्षी छापून रंगवलेलं सुती कापड. दुकानातल्या मावशींनी कापड उलटंपालटं करून दाखवलं, दोन्ही बाजूंना रंग सारखाच! निळ्या रंगात केसाएवढ्या बारीक रेषा. छापलेल्या राळेला तडे जातात आणि त्यांतून नीळ आत झिरपते. मूळ इंडोनेशियातल्या जावा बेटाचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड; १९व्या शतकात डचांनी यंत्रावर त्याची नक्कल केली. जावात हे तडे दोष ठरले, पश्चिम आफ्रिकेला मात्र तेच आवडले. नक्षींना नावंही इथल्याच बायकांनी दिली. माझ्या कापडाचं नाव ‘आहवेने पा न्कासा’, म्हणजे चांगले मणी वाजत नाहीत. मला आजीच आठवली. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार,’ म्हणायची. मावशींना ते समजावून सांगितलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.