काचपट्टी उलटी ठेवली तेव्हा

एम.एस्सी.च्या नॅनोटेक्नॉलॉजी प्रॅक्टिकलला आम्हाला काचेवर झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक उभ्या कांड्या, वाढवायचे होते. कृती वाचताना सोपी वाटली. 100 मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये 0.74 ग्रॅम झिंक नायट्रेट आणि 0.35 ग्रॅम हेक्सामाइन विरघळवायचं, त्यात काचपट्टी ठेवायची आणि झाकण लावून 90 अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास. पावसाळ्यात झिंक नायट्रेट हवेतली ओल ओढून चिकट होतं, म्हणून वजन भराभर करावं लागलं, एवढीच काय ती अडचण.

पहिल्या खेपेला काचेवर छान पांढरा थर आला. मला फार आनंद झाला. पण पाण्याखाली धरताच तो सगळा वाहून गेला. काचेवर काही उगवलंच नव्हतं. द्रावणात तयार झालेले कण गाळासारखे वर बसले होते.

मॅडमनी एकच विचारलं, "विरजण लावलंस का गं?" कांड्या जिथून उगवतात त्या कणांचा थर आधी काचेवर लावायचा असतो. हा बीजथराचा टप्पा मी वेळ वाचवायला गाळला होता.

पुढच्या आठवड्यात तो मन लावून केला. इथेनॉलमधलं पातळ झिंक अॅसिटेट काचेवर थेंबाथेंबानं सोडायचं, दहा सेकंदांनी धुवायचं, वाळवायचं, असं पाच वेळा. मग फर्नेसमध्ये 350 अंशांवर वीस मिनिटं. काच दिसायला होती तशीच राहते, पण तिच्यावर झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसलेले असतात. या वेळी काच बीजाची बाजू खाली करून ठेवली, म्हणजे गाळ बसायला जागाच नको.

मला यातलं हेक्सामाइन सगळ्यात आवडतं. गरम पाण्यात ते सावकाश फुटतं आणि थोडा थोडा अमोनिया सोडतं, त्यामुळे द्रावणाचा पीएच एकदम चढत नाही. घाई नसल्यामुळे स्फटिकाला एकाच दिशेनं, उभं वाढायला वेळ मिळतो.

ही काच धुतली तरी पांढुरकी झाक टिकली. सोन्याचा पातळ मुलामा देऊन ती एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, ठेवली. पन्नास हजार पटींवर पडदा षटकोनी टोकांनी भरून गेला, बाजरीचं पीक वरून पाहावं तसा. एकेका रॉडची जाडी मोजली, साधारण 80 नॅनोमीटर. आमच्यापैकी कुणीच बराच वेळ बोललं नाही.

मग कडेला सरकलो. तिथे एक छोटा तुकडा ओसाड होता. बीज लावताना मी नेमकी तिथेच काच चिमट्यानं धरली होती.