फौजदारांचे पत्र आणि पाच मिलिलिटर रक्त

२०२२ च्या हिवाळ्यात ग्रामीण रुग्णालयात माझी रात्रपाळी असताना पावणेबाराच्या सुमारास एक हवालदार दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक केलेल्या चाळिशीच्या मोटारचालकाला घेऊन आले. श्वासचाचणीचे यंत्र फुंकायला त्याने नकार दिला होता आणि रक्त द्यायलाही तो तयार नव्हता. एरवी तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणे, चाल, रक्त आणि सही एवढे सगळे दहा मिनिटांत उरकते.

हा मात्र अडखळत का होईना, मुद्द्याचे बोलत होता. "डॉक्टर, मी नाही म्हटल्यावर तुम्हाला सुई टोचता येत नाही," असे तो म्हणाला, आणि रुग्णालयातल्या इतर कोणत्याही सुईबाबत ते खरेच ठरले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०४ नुसार श्वासचाचणी नाकारणाऱ्याकडे रक्त मागता येते आणि तेही नाकारले तर कलम २०५ नुसार तो नकार त्याच्याविरुद्ध वापरता येतो. बळाचा उल्लेख तेथे नाही. तो होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये, आणि त्यासाठी फौजदार किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची विनंती लागत असे. न्यायाधीशाच्या वॉरंटचा प्रश्न आपल्याकडे येतच नाही. हवालदारांनी आणलेल्या पत्रावर त्यांचीच सही होती, म्हणून मी ते परत केले. "साहेब, साडेदहाची अटक आहे, साडेबारा वाजले की सोडावा लागेल," असे ते वैतागून म्हणाले. त्यांचे खरे होते, कारण दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडावे लागते. फौजदारांचे पत्र यायला अर्धा तास गेला. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ५१ मध्ये हुद्द्याची ही अटच राहिलेली नाही, आता मला तेवढीही अडवणूक करता येणार नाही.)

दोन शिपायांनी हात धरला. ब्रदरने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला तेव्हा मी त्याचे मनगट धरले. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, अशा नमुन्याला ते कोठेही लागू द्यायचे नसते. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, पाच मिलिलिटर रक्त फ्लोराईडची पूड असलेल्या छोट्या बाटलीत, म्हणजे बल्बमध्ये, घ्यायचे, तळाची पूड विरघळेपर्यंत बल्ब हलवायचा, मग लेबल, लाख आणि सीलचा नमुना. ही कामे मी कधीही दुसऱ्यावर सोपवलेली नाहीत. सुई आत गेली तेव्हा त्याने झटापट थांबवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले. एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणांच्या रजिस्टरमध्ये मी लिहिले: "संमती नाही. दोन शिपायांनी हात धरला असता रक्त घेतले."

दीड वर्षाने साक्षीचे समन्स आले. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींचा १९६१ चा काठी काळू ओघड खटल्यातील निर्णय मी आदल्या रात्री वाचून ठेवला होता, कारण रक्तालाही तोच तर्क लावतात. उलटतपासणी वीस मिनिटे चालली. त्वचा कशाने पुसली, पाणी कोणत्या बाटलीतले होते, सील कोणाच्या ताब्यात असते आणि बल्ब पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होता, एवढेच आरोपीच्या वकिलांनी विचारले. त्यांची तयारी चांगली होती, सरकारी वकिलांची त्याहून बरीच कमी. रजिस्टर त्या पानावर उघडे होते. संमतीची ती ओळ मीच त्या रात्री लाल शाईने अधोरेखित केली होती. ती कोणी वाचली नाही, आणि मला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मीही दिले नाही.