पोपोलो चौकातलं सांता मारिया: सुटी नाणी घेऊन जा

रोममध्ये फ्लामिनिओ मेट्रोतून वर येऊन जुन्या वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला लगेच सांता मारिया देल पोपोलो. दर्शनी भिंत इतकी साधी की आई म्हणाली, "हेच का ते?" पोप चौथ्या सिक्स्टसने 1472 ते 1477 मध्ये हे चर्च नव्याने बांधून घेतलं. आजही ते तिथल्या वस्तीचं पॅरिश चर्च, म्हणजे नेहमीच्या प्रार्थनेचं चर्च आहे. प्रवेश फुकट. मात्र मिस्सा (सामुदायिक प्रार्थना) चालू असताना पर्यटकांना फिरू देत नाहीत आणि दुपारी काही तास दार बंद असतं, म्हणून त्या दिवसाच्या वेळा आधी बघून घ्या. खांदे, गुडघे झाकलेले हवेत.

आम्ही थेट वेदीच्या डावीकडच्या चेरासी चॅपेलकडे (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहाकडे) गेलो. आत अंधार. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात, थोड्या वेळाने विझतात. समोर आनिबाले काराच्चीचं मरियेच्या स्वर्गारोहणाचं चित्र आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चित्रकार काराव्हाज्जोची दोन चित्रं. डावीकडे येशूचा शिष्य पेत्र, त्याला उलटं क्रुसावर चढवताहेत. क्रूस उचलणाऱ्या मजुराच्या पायाचा मळलेला तळवा आपल्यापुढेच येतो. उजवीकडे घोड्याच्या पायाशी शौल (पुढचा संत पौल) हात पसरून उताणा पडलाय. चॅपेल अरुंद आहे, चित्रं तिरकीच दिसतात. त्यासाठी मान वाकडी करू नका. ती अशी बाजूने बघण्यासाठीच रचली आहेत. उंबऱ्याशी उभं राहून बघितलं की घोड्याचं धूड अंगावर आल्यासारखं वाटतं. आमची चार नाणी इथेच संपली, त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मग कीजी चॅपेल. सावकार आगोस्तीनो कीजीसाठी चित्रकार राफाएलने त्याचा आराखडा केला. 1520 च्या एप्रिलमध्ये दोघेही काही दिवसांच्या अंतराने वारले आणि काम अर्धवट राहिलं. शतकाहून अधिक काळाने शिल्पकार बेर्निनीने दोन शिल्पं दिली. एका कोनाड्यात देवदूत बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचे केस धरून त्याला उचलतोय, आणि देवदूताचं बोट वळलंय थेट समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे, सिंहाजवळच्या उपाशी दानीएल संदेष्ट्याकडे. हबक्कूकाची जेवणाची टोपली दानीएलासाठीच. गोष्ट चॅपेलच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, आपल्या डोक्याच्या वरून सरकते. म्हणून मधोमध उभं राहता आलं नाही तर निदान दोन्ही कोपरे दिसतील अशी जागा धरा.

वेदीमागच्या छतावरची चित्रकार पिंतुरिक्कियोची चित्रं लांबूनच बघावी लागली. छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या. आम्ही हॉटेलवर विसरलो होतो.