प्रॉम्प्टरबाईंचा संशय

मंगळवार, रात्री

तालीम संपल्यावर चहा पिता पिता दिग्दर्शकाने पिल्लू सोडलं. पुढच्या वर्षी स्पर्धेला रहस्यनाटक. खून नाटक मंडळीतच, ऐन प्रयोगात. "ताई, संहिता तुम्ही लिहा. इतकी वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवताय, सगळ्यांची बिंगं तुम्हालाच ठाऊक." सगळे हसले. मीही हसले, पण रिक्षात बसल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

त्याची एक अट आहे: शोध इन्स्पेक्टरने लावायचा. कोटाची बटणं लावत डावीकडून एंट्री, "कोणीही जागचं हलायचं नाही". मला हा माणूस नको. बाहेरून आलेल्या पोलिसाला ग्रीनरूममधलं काय कळणार? आमच्याकडे तर मेकअप उतरेपर्यंत कोण रडतंय आणि कोणाचा काजळाचा फराटा आहे, हेही त्याला सांगता यायचं नाही.

गुरुवार

दुपारी टेरिसबद्दल वाचत बसले. विल्यम टेरिस, लंडनच्या अडेल्फी थिएटरचा लाडका नायक. 16 डिसेंबर 1897 ची संध्याकाळ. प्रयोगाला यायचं म्हणून मेडन लेनच्या बाजूचं खाजगी दार किल्लीने उघडत होता, तेवढ्यात मागून सुरीचे वार झाले. त्या रात्रीचा प्रयोग झाला नाही.

रहस्य म्हणाल तर शून्य. मारेकरी तिथेच सापडला, पळालासुद्धा नाही. रिचर्ड आर्चर प्रिन्स, बारीकसारीक भूमिका करणारा, काम सुटलेला नट. टेरिसशी खटकल्यावर त्याचं काम गेलं, पण नंतर टेरिसच नटांच्या मदतनिधीतून त्याला पैसे मिळवून देत असे. त्या दिवशी निधीच्या कचेरीतून प्रिन्स रिकाम्या हाताने परतला होता. थिएटरातली मंडळी त्याला 'मॅड आर्चर' म्हणायची. म्हणजे सगळे त्याला ओळखत होते, त्याच्यावर हसत होते आणि त्याच्याकडे बघत कोणीच नव्हतं. कोर्टाने वेडसर ठरवून त्याला ब्रॉडमूरला, म्हणजे वेडसर गुन्हेगारांच्या इस्पितळात, पाठवलं. तिथे म्हणे तो कैद्यांचा वाद्यवृंद चालवायचा. शेवटी काम मिळालं खरं.

आपल्या रहस्यनाटकांत खून होतो तो मृत्युपत्रासाठी, नाहीतर बायकोच्या भानगडीपायी. नाटकवाल्यांचं नाटक असेल तर कारण याहून क्षुल्लक हवं आणि म्हणून जास्त खरं: रोल काढून घेतला. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी ज्याची भूमिका दुसऱ्याला जाते, त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. "हरकत नाही हो, ग्रुप महत्त्वाचा," असं म्हणत तो सगळ्यांना बिस्किटं वाटत असतो.

शनिवार, उशिरा

आज प्रयोगात मुद्दाम वेगळ्या नजरेने बसले. नाटकात प्रत्येकाची साक्ष द्यायला तीनशे माणसं हजर असतात, पण ती फक्त स्टेजवर असेपर्यंत. दुसऱ्या अंकात सासऱ्याची एक्झिट झाली की त्याची पुढची एंट्री थेट अंकाच्या शेवटी. मधल्या वेळात तो कुठे असतो? चहावाल्याकडे, असं सगळे म्हणतात. पाहिलंय कोणी? मी, कारण त्याला एंट्रीसाठी मीच हाक मारते. ब्लॅकआउटमध्ये रेडियमच्या पट्ट्यांवरून पावलं मोजत सेट हलवणारी पोरं कोणालाही दिसत नाहीत. खून करायचा तर तीच वेळ. आणि पकडला जायचा तोही तिथेच, कारण त्या अंधारात एक पाऊल जास्त पडलेलं फक्त आम्हाला ऐकू येतं.

मग प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल. आमचे प्रॉपर्टीवाले काका प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ मारून ठेवतात: चष्मा, पत्र, कंदील, सुरी. प्रयोगाआधी एकही रेघ रिकामी नको. सुरी मात्र ते स्वतः अंगठ्यावर घासून बघतात. आधी मला हा वेडेपणा वाटायचा. पण 2008 मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट'चा प्रयोग चालू असताना आत्महत्येच्या प्रवेशात नटाने गळ्यावरून सुरी फिरवली आणि ती खरोखर फिरली. नवी आणलेली सुरी बोथट करायची राहून गेली होती. रक्त बघून लोकांनी आधी टाळ्याच वाजवल्या! पोलिसांनी तपास केला: चूक, की कोणाची करणी? नट वाचला, टाके घालून दुसऱ्याच दिवशी पुन्हा उभा राहिला. (नटांची जातच तशी. ताप असो, टाके असोत, प्रयोग पाडायचा नाही.)

तर माझा खून असा. खडूच्या रेघेत सुरी आहे, तिच्या जागी आहे, फक्त ती कालची सुरी नाही. आणि हे कळतं कोणाला, तर हातात संहिता धरून बसलेल्या बाईला. रोज जे घडतं त्यात आज एक शब्द बदलला, एक क्यू, म्हणजे पुढच्याला बोलायची खूण, अर्धा सेकंद उशिरा आला, एवढंच तिच्याकडे भांडवल. पाठांतर चुकलं की माणूस गडबडतो. ज्याला आज काय होणार हे आधीच माहीत आहे, तो गडबडत नाही, तो थांबतो. नटाचा पॉज आणि त्या माणसाचा पॉज यांतला फरक तिला ऐकू येतो, इन्स्पेक्टरला शिकवून येणार नाही.

रविवार

दिग्दर्शकाला फोन केला. पहिला अर्धा तास त्याने ऐकून घेतलं. "इन्स्पेक्टर पाहिजेच, ताई, प्रेक्षक वाट बघतात," असं दोनदा म्हणाला. शेवटी तडजोड: इन्स्पेक्टर येईल, पण चुकीच्या माणसाला धरायला.

मग म्हणाला, प्रॉम्प्टरबाईंचं काम तुम्हीच करा. मी होही म्हणून बसले. फोन ठेवल्यावर आठवलं, मी स्टेजवर गेले तर विंगेत कोण बसणार? आणि आमच्या सासऱ्याचं पाठांतर म्हणजे... कोणीतरी शोधायला हवं, आणि तेही पावसाळ्याआधी.