नव्या वर्षाचं स्टाफ-पत्र: पालकांना काय हवं असतं आणि शाळा काय पाठवते

इंटरनॅशनल प्रायमरी शाळेत स्टाफ दर वर्षी बदलतो, आणि बराच बदलतो. बाहेरून येणाऱ्या शिक्षकांचा पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो. पुढच्या वर्षी थांबणार की जाणार, हे शाळा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान विचारून घेते, मग भरती सुरू होते. वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतं तेव्हा निम्म्या पालकांना जुनी नावं पाठ असतात आणि उरलेल्यांना एकही नाव माहीत नसतं. मग शाळेचं पत्र येतं: ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो’, दहा हसरे फोटो, प्रत्येकाला मुलांची आणि प्रवासाची आवड. पालक ते मन लावून वाचतात आणि लगेच रिसेप्शनला फोन करतात. त्यांना हवं होतं ते त्यात नसतंच.

पालकाला हवं असतं एवढंच: माझ्या मुलाला दिवसभरात कोण कोण शिकवणार, गेल्या वर्षी ज्यांच्याकडे जायचो ते गेले असतील तर त्यांचं काम आता कोणाकडे, आणि अडचण आली तर पहिला मेल कोणाला. पत्राची रचना याच क्रमाने हवी. आधी वर्गशिक्षक आणि त्यांचे सहायक, ग्रेडनुसार. मग विषयशिक्षक: पीई (शारीरिक शिक्षण), संगीत, कला, ग्रंथालय, भाषा. मग इंग्रजीचा आधार लागणाऱ्या मुलांसाठीचे शिक्षक, लर्निंग सपोर्ट (शिकताना जास्त मदत लागणाऱ्या मुलांसाठीचे शिक्षक), समुपदेशक, नर्स. शेवटी ऑफिस, बस आणि गेट. प्राचार्यांच्या मनोगताला वर चार ओळी पुरतात.

पत्र लिहायला बसण्याआधी एक तक्ता तयार लागतो, आणि तो एकच हवा. बहुतेक घोळ इथे होतात. एचआरकडे एक यादी, आयटीकडे दुसरी, टाइमटेबल करणाऱ्याकडे तिसरी, आणि वेबसाइट सांभाळणारा गेल्या वर्षीच्या पानावर नावं बदलत बसलेला. तक्त्यात प्रत्येक माणसासाठी पासपोर्टवरचं नाव, मुलं हाक मारतील ते नाव, उच्चार, पद, तुकडी आणि खोली, कोणाच्या जागी आले, रुजू होण्याची तारीख, फोटोला संमती आहे की नाही, आणि एक ‘स्थिती’चा रकाना. स्थिती तीनच ठेवाव्यात: करार झाला, कागदपत्रं पूर्ण, हजर झाले. तोंडी होकार ही स्थिती नाही. सही न झालेल्या माणसाचं नाव पत्रात गेलं आणि त्याने दुसऱ्या शाळेचा प्रस्ताव घेतला, की दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागतं आणि त्यानंतर पालक पहिल्या पत्रातल्या इतर नावांवरही विश्वास ठेवत नाहीत.

करार झाला पण माणूस अजून पोचलेला नाही, हे नेहमीचंच. पदवीच्या कागदांचं प्रमाणीकरण रेंगाळतं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये एका अपोस्टीलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्यावर, भागतं, इतर ठिकाणी परराष्ट्र खातं आणि वकिलात असे टप्पे पार करावे लागतात. मग वर्क परमिट, मग व्हिसा. अशा वेळी पत्रात गोलगोल लिहू नये. ‘ग्रेड ४ च्या क तुकडीच्या वर्गशिक्षिका सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू होतील अशी अपेक्षा आहे; तोवर तुकडी अमुक शिक्षकांकडे असेल’ इतकं स्पष्ट लिहावं. व्हिसा अडकला, कागद हरवला ही कारणं लिहू नयेत, ती त्या माणसाची खासगी बाब आहे. तात्पुरत्या शिक्षकाचं नाव मात्र हवंच. ‘तात्पुरती सोय केली आहे’ हे वाक्य वाचून कोणाही पालकाचा जीव भांड्यात पडत नाही.

विषयशिक्षकांच्या बाबतीत शाळा हमखास गाळतात ती गोष्ट म्हणजे कोणती तुकडी कोणाकडे. समजा केजी ते ग्रेड ५ अशा सहा इयत्ता, प्रत्येकी तीन तुकड्या, म्हणजे १८ तुकड्या. पीईचे आठवड्याला दोन तास धरले तर ३६ तास होतात. एका शिक्षकाला आठवड्याला २४ तास असतील, तर दीड शिक्षक लागतो. म्हणजे एक पूर्णवेळ आणि दुसऱ्याचा अर्धा वेळ, आणि त्याच्या उरलेल्या वेळात पोहणं किंवा शाळेनंतरचे खेळ. पत्रात दोघांची नावं ‘पीई विभाग’ म्हणून शेजारी शेजारी छापली की अठराही तुकड्यांचे पालक विचारतात, आमचं कोण? ‘केजी ते ग्रेड ३ एकाकडे, ग्रेड ४ आणि ५ दुसऱ्याकडे’ एवढी एक ओळ जोडली की प्रश्न मिटतो: १२ तुकड्यांचे २४ तास एका बाजूला, सहा तुकड्यांचे १२ दुसऱ्या बाजूला. संगीत आणि कलेलाही हाच हिशोब लावून पाहावा.

पदांच्या नावांनी तर पालक चक्रावतातच. कोऑर्डिनेटर, ग्रेड लीडर, हेड, डेप्युटी हेड, डायरेक्टर. नव्या कुटुंबाला यातला वरचा कोण हेही कळत नाही. प्रत्येक पदापुढे ‘कशासाठी यांच्याकडे’ असा अर्धा वाक्यांश जोडावा. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्राम, चालवणाऱ्या शाळेत हे जास्तच लागतं. हा कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला, ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात कोऑर्डिनेटर नेमावाच लागतो. तो सहा विषयसूत्रांभोवतीची चौकशी-एककांची (प्रश्न विचारत, शोध घेत शिकायच्या पाठांच्या गटांची) आखणी आणि शिक्षकांचं सामायिक नियोजन पाहतो. एका मुलाचं वाचन मागे पडतंय हा प्रश्न आधी वर्गशिक्षकाकडे जायला हवा. पत्रात हे नसेल तर कोऑर्डिनेटरची सप्टेंबरभर इनबॉक्स आवरण्यातच कसरत चालते.

प्रत्येक नव्या माणसाच्या परिचयाला ४० ते ६० शब्द पुष्कळ झाले. इथे काय शिकवणार, याआधी कोणत्या वयोगटाला किती वर्षं शिकवलं, कोणत्या भाषा बोलतात. तिसरी गोष्ट अनेक जण सोडून देतात, पण घरी शाळेची भाषा न बोलणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात उपयोगी तीच असते. जोडीदार काय करतो, मुलं कोणत्या वर्गात आहेत, राहायला कुठे, वाढदिवस कधी, हे काहीही नको. पत्र फॉरवर्ड होतं आणि शाळेच्या ताब्यात राहत नाही. मजकूर त्या माणसाला दाखवून ४८ तासांत होकार घ्यावा. सहायक शिक्षकांनाही तेवढेच शब्द आणि तेवढाच फोटो द्यावा. केजीतलं मूल रडलं, पडलं, कपडे ओले झाले तर बहुधा सहायकच धावतात, आणि बऱ्याच पत्रांत त्यांची नावं एका ओळीत स्वल्पविराम देऊन संपवलेली असतात. हे मला अजिबात पटत नाही. गेट आणि बसवरच्या माणसांचंही तसंच: नवा पालक पहिल्या दिवशी सगळ्यात आधी त्यांनाच भेटतो.

नावांना वेळ द्यावा लागतो. चिनी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं असतात आणि हाक मारताना बहुधा पहिलं वापरतात. काही जणांना एकच नाव असतं, तरी शाळेच्या सॉफ्टवेअरला आडनावाचा रकाना भरूनच हवा असतो आणि मग तेच नाव दोनदा छापून येतं. मुलं काय म्हणणार, मिस आणि पहिलं नाव की मिस्टर आणि आडनाव, हा शाळेचा एकच नियम असावा आणि पत्रात, दारावरच्या पाटीवर, ओळखपत्रावर आणि मेलच्या पत्त्यात नाव एकसारखं दिसावं. पत्राची भाषांतरं मशीनने होत असतील तर आधी नावं कुलूपबंद करावीत. किंग, रोझ, यंग अशा आडनावांचे राजे, गुलाब आणि तरुण झालेले असतात, आणि ते पाठवणाऱ्याला ती भाषा येत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

गेलेल्यांबद्दल सगळ्यांना एकच साचा: नाव, काय शिकवत होते, किती वर्षं, आभार. कुठे गेले हे त्यांनी सांगायला सांगितलं तरच, आणि का गेले हे कधीच नाही. साचा एकच ठेवण्यामागे कारण आहे. चौघांना भरभरून निरोप आणि पाचव्याला नुसतं ‘आता शाळेत नाहीत’ असं लिहिलं की त्या फरकावरून पालकांच्या ग्रुपवर दिवसभर तर्क चालतात. दीर्घ रजेचंही असंच. कधीपासून आणि तेव्हा तुकडी कोणाकडे एवढं, तेही संबंधितांच्या संमतीने.

आतल्या आत झालेले बदल पत्रात स्वतंत्र हवेत. ग्रेड २ चे शिक्षक ग्रेड ३ ला गेले तर काही मुलांना तेच शिक्षक पुन्हा येतात. कधी ते मुद्दाम केलेलं असतं, कधी नजरचुकीने. तुकड्यांच्या याद्या पक्क्या करतानाच हे तपासावं, सोबत जुळी भावंडं आणि स्टाफची स्वतःची मुलंही.

बालसुरक्षा अधिकाऱ्याचं आणि त्याच्या पर्यायी माणसाचं नाव पहिल्या पानावर, फोन आणि मेलसह. दोन नावं यासाठी की एक रजेवर असू शकतो, आणि तक्रार त्यांच्यापैकीच एकाबद्दल असू शकते. इंटरनॅशनल शाळांसाठी बालसंरक्षणाचं संयुक्त टास्क फोर्स २०१४ मध्ये स्थापन झालं. भरतीच्या वेळच्या पडताळणीवर त्याचा भर आहे. शिक्षक आधी ज्या ज्या देशांत राहिला तिथलं पोलीस प्रमाणपत्र मागवायचं असतं. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांसाठी इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट असतं. काही देश बोटांचे ठसे मागतात, काही फक्त अर्जदाराच्याच हाती कागद देतात, त्यामुळे आठवडे जातात. कागद येईपर्यंत त्या माणसाला मुलांसोबत एकटं ठेवायचं नाही, हा नियम टाइमटेबलमध्ये आधीच बसवून ठेवावा लागतो, म्हणजे त्या तासाला दुसरा माणूस खोलीत हवा. पालकांच्या पत्रात मात्र कोणाचा कागद आला आणि कोणाचा नाही हे लिहायचं नाही. पडताळणीची पद्धत काय आहे, एवढं एक वाक्य लिहावं.

आता वेळ. एकाच पत्रात सगळं कोंबू नये. वर्ष संपताना पहिलं छोटं पत्र: कोण जातंय, कोणती पदं भरली. शाळा उघडण्याच्या दहाएक दिवस आधी मुख्य पत्र. तुकड्यांच्या याद्या मात्र वेगळ्या, उघडण्याच्या दोन-तीन कामाच्या दिवसांपूर्वीच. याद्या आधी दिल्या की तुकडी बदलून मागणारे मेल सुरू होतात, आणि तोवर नवे प्रवेश येतच असल्यामुळे यादी बदलावीही लागते. मग एकाची बदलली, माझी का नाही, हा वाद. सुट्टीत कुटुंबं वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये विखुरलेली असतात, म्हणून ‘सोमवारी सकाळी’ न लिहिता शाळेच्या घड्याळानुसार किती वाजता, ते लिहावं.

स्टाफला पत्र पालकांच्या किमान एक दिवस आधी मिळायलाच हवं. आपली इयत्ता बदलल्याचं शिक्षकाला पालकाच्या मेलमधून कळणं ही सुरुवातच वाईट. पाठवण्यापूर्वी तीन जणांनी वाचावं: एचआरने नावं आणि तारखा, विभागप्रमुखांनी वाटप, आणि रिसेप्शनवरच्या माणसाने पालकाच्या नजरेने. तिसरं वाचन सगळ्यात जास्त चुका काढतं, कारण फोन तिथेच वाजणार असतात.

पीडीएफ जोडू नये. ती एकदा गेली की दुरुस्त होत नाही, आणि जुनी प्रत वर्षभर फिरत राहते. मेलमध्ये थोडक्यात मजकूर आणि लॉगिनमागच्या पानाची लिंक. पानावर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख वरच्या बाजूला.

आयटीचं काम पत्राच्या तारखेला बांधलेलं हवं. पत्र गेलं त्या दिवशी नव्या शिक्षकांचे पत्ते सुरू असले पाहिजेत, नाहीतर पहिले पन्नास मेल परत येतात. गेलेल्यांच्या पत्त्यावर काही आठवडे आपोआप उत्तर ठेवावं, त्यात नव्या माणसाचा पत्ता. वर्गाच्या अॅपमधून आणि मेल ग्रुपमधून जुनं नाव काढावं, कारण मुलांची माहिती त्यात जात असते. खातं बंद करण्यापूर्वी त्यातल्या फायलींची मालकी दुसऱ्याकडे द्यायची. वर्षभराचे फोटो, प्रगतिपुस्तकांचे मसुदे, एककांच्या आखण्या बऱ्याचदा एकाच शिक्षकाच्या नावावर असतात. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं, आणि सुट्टी त्याहून मोठी असते.

तिसरं पत्र शाळा उघडल्यावर तीन-चार आठवड्यांनी. उशिरा पोचलेले शिक्षक, बदललेल्या खोल्या, टाइमटेबलमधल्या दुरुस्त्या. हे अर्ध्या पानाचं असावं आणि त्यात फक्त बदल असावेत, आधीची यादी पुन्हा नाही. त्यानंतर वर्षाच्या मध्येच कोणी गेलं तर सविस्तर पत्र फक्त त्यांच्या तुकड्यांच्या पालकांना, शक्य असेल तर नव्या शिक्षकाच्या नावासह त्याच दिवशी. बाकीच्यांसाठी पान बदलून वरची तारीख बदलली की पुरे.