कापून चिकटवलेली बाई

रविवार, रात्री साडेअकरा

"छान झालंय. पण ही बाई कुठून तरी कापून चिकटवलीस का गं?" आई एवढंच म्हणाली आणि गवार मोडायला बसली. संध्याकाळपासून तेच डोक्यात.

मापं तीनदा तपासली. जुन्या डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राची नक्कल करतेय, तैलरंगात. मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. माझा कॅनव्हास १८ बाय १६ इंच, मुद्दाम ताणून घेतलेला, म्हणजे जवळपास तेवढाच. प्रिंट निम्म्या मापाची, तिच्यावर २ सेंटिमीटरचे चौकोन, कॅनव्हासवर ४ चे. कोपर, सुरई, मान, सगळं आपापल्या चौकोनात. तरी कापलेली. नुसते चौकोन पाळून काही होत नाही, असं सर म्हणायचे तेव्हा... जाऊ दे.

ह्या वयात कशाला ही हौस, असं वाटून सगळ्या ट्यूबा पिशवीत भरल्या. तासाभराने परत काढल्या, कारण पॅलेटवरचा पिवळा वाया जात होता. त्या पिवळ्याचंही रडगाणंच. चोळीच्या सावलीसाठी लेमन यलोत काळा घातला आणि हिरवट शेवाळ झालं. तिथे यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी आणि कणभर जांभळा हवा होता. माहीत असून चुकले.

पण कापलेली का?

भिंत मागच्या रविवारी रंगवली, बाई आज. भिंतीत अंबर हा तपकिरी रंग होता, तो लवकर वाळतो. पावसाळ्यातही आठवड्यात खडखडीत. वाळक्या रंगाला ओला रंग टेकला की कड सुरीसारखी येते. त्यात मी पेन्सिलीची रेघ धरून आत रंग भरत गेले, बालवाडीत भरतात तसा. सगळीकडून एकाच जोराची कड, मग चिकटवल्यासारखीच दिसणार.

मूळ चित्रात तसं नाही. डावीकडे, खिडकीच्या बाजूला, बाई उजळ आणि मागची भिंत मंद. उजवीकडे उलट, भिंत लख्ख आणि बाई सावलीत. शिवाय त्या उजव्या कडेला त्याने बारीक पांढरी रेघ ओढली आहे. एप्रनच्या खालच्या घड्या तर अंधारात विरूनच जातात. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये टाटांच्या संग्रहातली तैलचित्रं कितीदा पाहिली, पण मी चेहरेच बघत आले. कडा बघायला कुणी जातं का?

आईची नजर मात्र थेट कडेवर. तिला बर्न्ट सिएना म्हणजे काय ते ठाऊक नाही, याचाच जास्त राग आला बहुतेक.

रात्री उजवा खांदा पॅलेट नाइफने खरवडला, टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसला. लगतच्या वाळलेल्या भिंतीवर जवसाच्या तेलाचा हात फिरवून जादा तेल टिपून घेतलं. भिंतीचा रंग पुन्हा कालवला: टिटॅनियम व्हाइट, थोडा ऑकर, त्याहून कमी रॉ अंबर, टाचणीच्या टोकाएवढा निळा अल्ट्रामरीन. भिंत आणि खांदा दोन्ही ओले असतानाच कोरडा मऊ ब्रश कडेवरून एकदाच ओढला. दुसऱ्यांदा ओढला की चिखल होतो. तोही केला, मग परत खरवडला.

तिसऱ्या वेळी खांदा मागे वळला. खरंच वळला. त्या आनंदात पांढरी रेघही ओढली, आणि आई पाणी प्यायला उठली ती थबकली.

"आता कॅलेंडरातल्या देवीसारखी दिसते. प्रभावळ आहे का ती?"

ट्यूबलाइटखाली मला ती रेघ नाजूक वाटली होती. मोबाइलमध्ये फोटो काढून बघितला तर चांगली दोन मिलिमीटर जाड. रंग ओलाच आहे, चिंधी हातात आहे, खिडकी उघडली तर पाऊस आत येतोय आणि बंद केली तर टर्पेंटाइनने डोकं चढतंय. अर्धी खिडकी उघडी ठेवून पुसायला बसतेय.